मुरलीधर सोनवणे विरुद्ध मुरलीधर सोनवणे

"वहिनी, आता खासदारीणबाई म्हणवून घ्यायची सवय करा," असं म्हणत बन्सीनाना अंगणात शिरले ते थेट माझ्या सांडग्यांवर.

"आधी पाय उचला," मी म्हणाले. "खासदारीणबाईंचे सांडगे आहेत ते."

ते दचकून मागे झाले, आणि मागून येणारा त्यांचा माणूस त्यांच्यावर आदळला. जोत्यावर बसून क्लॅरोनेट पुसत असलेले मास्तर, म्हणजे आमचे हे, वर न बघताच म्हणाले, "तारीख सांगा. वैशाखातल्या बऱ्याच गेल्यात."

"लग्न नाही मास्तर," बन्सीनाना म्हणाले. "लोकसभा."

मास्तरांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं.

बन्सीनाना हे डॉक्टर गिरवलकरांचे उजवे हात. आणि डॉक्टर गिरवलकर म्हणजे आमच्या माळसांगवी मतदारसंघात अप्पासाहेबांच्या विरोधात उभं राहून नेमानं पडणारे गृहस्थ. पडण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडून हसतमुखानं नाडी बघायला बसायचे.

आमचा मतदारसंघ तसा स्वभावानं चिवट. ज्याला धरला त्याला सोडायचा नाही. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा निवडून आले ते तुरुंगवास भोगलेले एक गुरुजी. ते प्रचाराला पायी फिरले आणि निवडून आल्यावरही पायीच फिरत राहिले, त्यामुळे दिल्लीला फारसे पोचले नाहीत. त्यांच्यानंतर एक वकील आले. ते दिल्लीला पोचले, पण परत आले नाहीत. मग एका लाटेत बाहेरचा कुणीतरी निवडून आला. त्याचं नाव आता इथं कुणाला सांगता येत नाही, आणि त्यालाही आमच्या मतदारसंघाचं नाव सांगता आलं नसतं. त्याच्यानंतर आले अप्पासाहेब, आणि मग मात्र दुसरं कुणी येईना. दर निवडणुकीला ते रेल्वे आणायचे. म्हणजे मोजणीवाले यायचे, माळावर दगड रोवायचे आणि जायचे. लोकांनी पुढंपुढं त्या दगडांना शेंदूर फासून म्हसोबा करून टाकलं. तरीही मतं अप्पासाहेबांनाच. त्यांच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीत खाडा पडला तो एकदाच. त्याची कारणं पुढे वर्तमानपत्रवाल्यांनी पुष्कळ दिली. कुणी म्हणालं पाटाचं पाणी, कुणी म्हणालं जातीची गणितं, एका प्राध्यापकानं तर त्यावर व्याख्यानच दिलं. मी त्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसले होते आणि पदराआड हसत होते.

तर बन्सीनाना.

"अप्पासाहेबांचं खरं नाव ठाऊक आहे का मास्तर?" त्यांनी विचारलं.

"अप्पासाहेब," मास्तर म्हणाले.

"ते हाक मारायचं. मतपत्रिकेवर काय असतं? मुरलीधर दौलतराव सोनवणे. आणि तुमचं?"

मास्तरांचं नाव मुरलीधर दौलत सोनवणे. दोघांत फरक एका 'राव'चा. गावात कुणाच्या हे लक्षातही नव्हतं, कारण त्यांना सगळे अप्पासाहेब म्हणत आणि ह्यांना बँडमास्तर. लक्षात होतं ते फक्त आम्हा दोघींच्या. मी आणि अप्पासाहेबांची बायको, प्रयाग. दोघी रुईबोरच्या. तिचं घर गावाच्या वरच्या अंगाला, आमचं खालच्या अंगाला, पण शाळेत बाक एकच. लग्नंही एकाच उन्हाळ्यात झाली. नावांची गंमत कळली तेव्हा मी रचलेला उखाणा तिनं जसाच्या तसा आपल्या मांडवात घेतला होता, एक अक्षर न बदलता. पुढे ती खासदारांच्या बंगल्यात ताईसाहेब झाली आणि मी बँडवाल्याची पद्मिनी राहिले, तरी एकट्या भेटलो की ती मला पद्मीच म्हणायची.

"म्हणजे मी अप्पासाहेबांची मतं खायची," मास्तर सावकाश म्हणाले.

"खायची कशाला? चाखायची," बन्सीनाना म्हणाले. "तुम्ही काही करू नका. नुसता अर्ज भरा. बाकीचं आम्ही बघतो."

मला वाटलं, मास्तर त्यांना हाकलून देतील. माणूस मानी. पण त्यांनी हाकललं नाही, आणि का ते मला लगेच कळलं. आदल्या वर्षी अप्पासाहेबांच्या लेकीचं लग्न झालं होतं. आपल्याच नावाच्या माणसाची लेक, बायकोच्या मैत्रिणीची लेक, म्हणून मास्तरांनी महिनाभर नवी धून बसवली होती. बँडच्या सगळ्या पोरांना लाल कोट शिवले होते. आणि आयत्या वेळी निरोप आला, पुण्याचा बँड सांगितला आहे, तुम्ही जेवायला या. मास्तर जेवायला गेले नाहीत. ती धून त्यांनी पुन्हा कधी वाजवली नाही.

"अर्ज भरतो," ते म्हणाले. "पण नुसता नाही. उभा राहिलो तर खरा उभा राहीन."

"राहा की," बन्सीनाना खूश होऊन म्हणाले, आणि जाताना पुन्हा सांडग्यांवर पाय देऊन गेले.

*

राग फार दिवस धरून ठेवणं मास्तरांना जमत नसे. अर्ज भरून झाला, गावानं चार दिवस चेष्टा केली, आणि ह्यांच्या लक्षात आलं की आपण भलत्याच घोड्यावर बसलो आहोत. अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस आला तेव्हा सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून बसले.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"कुठे नाही. पण अप्पासाहेबांकडून कुणी आलं आणि नीट शब्दांत म्हणालं, तर जाऊन माघार घेईन. आपण होऊन नाही जायचा. मलाही काही आहे का नाही?"

"कुणी म्हणजे कुणी?"

"प्रयागताईंनी एक शब्द टाकला तरी पुरे."

आणि तासाभरात प्रयागच आली. आमच्या गल्लीत खासदारांची गाडी शिरायची ही पहिलीच वेळ. बायका कामं टाकून दारांत उभ्या. मास्तर घाईनं आतल्या खोलीत गेले आणि दार अर्धवट लोटून घेतलं, म्हणजे आत आहोत हे कळावं, पण वाट बघत नव्हतो असं वाटावं.

मी उडदाच्या पापडांचं पीठ कुटत होते. प्रयाग चप्पल काढून आली आणि माझ्याजवळ जमिनीवरच बसली. भारी साडी होती, तशीच बसली.

"लाटी दे," ती म्हणाली.

लहानपणी आम्ही पापडांपेक्षा लाट्याच जास्त खायचो. मी तेलात बुडवून तिच्या हातावर ठेवली. तिनं डोळे मिटून खाल्ली. मी वाट बघत होते, आता म्हणेल, मग म्हणेल.

"तुझे मास्तर जेवायला घरी असतात का गं?" तिनं विचारलं.

"मग कुठे जाणार? लग्नसराई सोडली तर घरीच."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. आणि वर भाजीत मीठ कमी आहे हेही रोज सांगतात."

"रोज सांगतात?" ती म्हणाली, आणि हसली. पण ते हसणं पुरतं आलं नाही.

मग तिनं रुईबोरच्या विहिरीचं काढलं, आमच्या शाळेतल्या त्या मारकुट्या बाईंचं काढलं, कोण कुठे दिली, कुणाला नातवंडं झाली, सगळं काढलं. हात मात्र चालत होते. लाट्या करून देत होती, मी लाटत होते. अर्जाचा विषय नाही. मीच दोनदा त्या बाजूला वळवून पाहिलं. "निवडणुकीची गडबड असेल तुमच्याकडे," मी म्हणाले. "असते," ती म्हणाली आणि पुन्हा रुईबोरला गेली. आतून मास्तर खोकले. थोड्या वेळानं पुन्हा खोकले.

"खोकला झालाय का त्यांना?" तिनं विचारलं. "ज्येष्ठमध दे."

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. तिनं मला वेळ विचारली, मी आतल्या घड्याळात बघून सांगितली. ऐकून ती उठली, हात धुतले, पदर नीट केला. दारात जाऊन गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येते हं पद्मिनी, विचार करा सगळ्यांनी." आणि गाडीत बसून गेली.

कशाचा विचार करायचा, तेच मला कळेना. मास्तर बाहेर आले. इस्त्रीचा सदरा घामानं चिंब.

"विचारलंसुद्धा नाही?" ते म्हणाले.

"नाही."

"म्हणजे आपण त्यांच्या खिजगणतीतही नाही. माझ्यासारखा उभा राहिला काय नि नाही राहिला काय!" त्यांनी सदरा काढून खुंटीला टांगला. "आता राहतोच. आता ब्रह्मदेव आला तरी राहतो."

माघारीची मुदत तेवढ्यात संपलीच होती.

*

चिन्ह वाटायच्या वेळी मास्तरांनी बासरी मागितली होती. ती दुसऱ्या एका अपक्षानं आधीच मागून ठेवली होती, ह्यांना मिळाला नारळ. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना.

"हसतेस काय?"

"आजवर लोक निवडणूक झाल्यावर उमेदवाराला नारळ देत होते. तुम्हाला आधीच दिला."

त्यांना तेव्हा राग आला, पण मतदारसंघाला हीच गोष्ट भलती आवडली. झालं असं की मास्तर प्रचाराला वेगळे फिरायचेच नाहीत. लग्नसराई चालू होती, सुपाऱ्या घेतलेल्या होत्या. त्यामुळे वरात मारुतीच्या पारावर आली की बँड थांबायचा, मास्तर क्लॅरोनेट काखेत धरून दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा वाजवायला लागायचे. नवरदेव घोड्यावर ताटकळत. असंच एका गावी मास्तर सांगत होते, "बंधू-भगिनींनो, माझी निशाणी नारळ," तर पारावरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बरं झालं बाबा. कवाधरनं म्हनते मी, त्या अप्पासायबाला एकदा नारळ द्या म्हून!"

अख्खी वरात हसली. नवरदेव घोड्यावरून पडता पडता राहिला. आणि तिथून ते वाक्य सुटलं ते वाऱ्यासारखं. भिंतींवर रंगलं, टपऱ्यांवर, ट्रॅक्टरच्या मागे. 'यंदा अप्पासाहेबांना नारळ!' डॉक्टर गिरवलकरांनी एवढ्या निवडणुकांत एवढी भाषणं केली, त्यांना असं एक वाक्य सुचलं नव्हतं. बन्सीनाना तर आनंदानं वेडे झाले, आणि मग हळूहळू घाबरले, कारण लोक डॉक्टरांच्या सभेतून उठून मास्तरांच्या वरातीत यायला लागले.

मी एकदा मास्तरांबरोबर बँडच्या टेंपोत होते तेव्हा घाटाखालच्या अरुंद रस्त्यावर समोरून अप्पासाहेबांच्या गाड्या आल्या. कुणीच मागे घेईना. शेवटी अप्पासाहेब स्वतः खाली उतरले. पांढरेशुभ्र कपडे, पण चेहरा उन्हानं काळवंडलेला. दमले होते.

"मुरलीधरराव," ते म्हणाले, "तुमचं चाललंय काय?"

"काही नाही अप्पासाहेब. तुमचंच नाव चालवतोय."

टेंपोतली पोरं फिसकन हसली. अप्पासाहेब हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत.

"माझं तुमचं वाकडं कधी नव्हतं," ते म्हणाले. "कुठे काही चुकलं असेल तर सांगा."

मास्तरांचा चेहरा एकदम उतरला. इतके दिवस ज्यासाठी उभे होते ते विचारणारा माणूस समोर होता, आणि आता ते बोलायचीच त्यांना लाज वाटली.

"लेकीच्या लग्नाला पुण्याचा बँड आणलात," ते कसेबसे म्हणाले.

"बँड?" अप्पासाहेब बुचकळ्यात पडले. "पुण्याचा होता का? अहो, मला कुठे माहीत! मी दिल्लीहून विमानानं आलो तो थेट अक्षतांना. व्याह्यांनी आणला असेल. लेकीच्या लग्नात मी पाहुण्यासारखा उभा होतो मास्तर, जेवलो की नाही तेही आठवत नाही."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मग मास्तरांनी ड्रायव्हरला टेंपो मागे घ्यायला सांगितला. अप्पासाहेब हात जोडून पुढे गेले.

"आता?" मी विचारलं.

"आता काय! अर्ज परत घेता येत नाही," मास्तर म्हणाले.

तिथून पुढे त्यांची गंमत संपली. राग उरला नव्हता आणि सभा तर वाढत होत्या. लोक नुसतं हसायला येत नव्हते, मागायला यायला लागले होते. एक बाई पाळण्यातलं लेकरू घेऊन आली, म्हणाली, आमच्या तांड्यावर नर्स येत नाही. एक म्हातारा म्हणाला, माझं पेन्शन कुठे अडकलं बघा. शाळेचं छत, हातपंप, पुलाचा कठडा. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नाही. वरातीत कुणी म्हणालं हेच गाणं पुन्हा, तर पुन्हा, ओठ फाटेपर्यंत वाजवणारा माणूस. जेवताना घास हातात तसाच राहायला लागला. भाजीत मीठ कमी होतं एकदा, मुद्दामच कमी घातलं होतं मी, पण ते काही बोलले नाहीत.

"पद्मिनी," ते म्हणाले, "लोकांना खरं वाटायला लागलंय गं."

"तुम्हाला?"

ते म्हणाले, "दिल्लीत थंडी फार असते म्हणतात. तुला सोसेल का?"

मी ताटावरून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. इतके दिवस मी ह्या सगळ्याला हसत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली की हा माणूस निवडून येईल.

*

मतदान कागदावर शिक्का मारून करायचे ते दिवस होते. मतपत्रिका हातभर लांब. मास्तर सकाळी आंघोळ करून, लाल कोट घालून रांगेत पहिले उभे राहिले. मी दुपारी गेले. पडद्याआड किती वेळ उभी होते कोण जाणे, बाहेरून मतदान अधिकाऱ्यानं हाक मारली, "मावशी, झालं का?"

झालं होतं.

मतमोजणी दिवसभर चालली. रेडिओवर आमच्या मतदारसंघाचं नाव सारखं यायला लागलं, जे आधी कधीच येत नसे. कारण चुरस. संध्याकाळ व्हायच्या आत निकाल लागला. डॉक्टर गिरवलकर निवडून आले. अगदी थोडक्यात. मास्तरांची अनामत गेली, पण त्यांना जी मतं पडली होती ती डॉक्टरांच्या मताधिक्याच्या कितीतरी पट होती. दोन मुरलीधर भांडले आणि तिसराच निवडून आला, असं जो तो म्हणत होता. खुद्द डॉक्टरांना धक्का एवढा बसला की दुसऱ्या दिवशी सवयीनं दवाखाना उघडून बसले होते म्हणे, कार्यकर्त्यांनी आणून मिरवणुकीत उभं केलं.

ती मिरवणूक गुलाल उधळत आमच्या दारी आली. बन्सीनाना पुढे.

"मास्तर, चला! बँड काढा! तुमच्यामुळे झालं सगळं."

मास्तर जोत्यावर उभे राहिले. "बन्सीनाना, मी ह्या निवडणुकीतला पराभूत उमेदवार आहे," ते म्हणाले. "पराभूत उमेदवार विजयी मिरवणुकीत वाजवत नसतो. डॉक्टरांचं माझ्याकडून अभिनंदन सांगा. आणि तांड्यावर नर्स पाठवायची आहे, तेही सांगा."

त्यांनी असं बोलावं आणि मी ते ऐकावं, ह्यात मला काय वाटलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. उगाच डोक्यावर बसले असते.

*

प्रयागकडे जायचा मला धीर होत नव्हता. कुठल्या तोंडानं जायचं? महिना उलटल्यावर तिनंच निरोप पाठवला, लोणचं घालायचंय, कैऱ्या फोडायला ये.

बंगल्याच्या फाटकाबाहेर पूर्वी गाड्यांची रांग असायची, तिथे एक कुत्रं झोपलं होतं. मागच्या अंगणात प्रयाग अडकित्ता घेऊन बसली होती. मी समोर बसले.

"प्रयाग," मी म्हणाले, "त्या दिवशी तू नुसतं म्हणाली असतीस ना, तरी त्यांनी माघार घेतली असती. सदरा घालून बसले होते."

"ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"सारखे खोकत होते की. मला का कळत नाही?" तिनं कोय बाजूला टाकली. "मला ह्यांनी त्याचसाठी पाठवलं होतं. म्हणाले, तुझं त्या घरात चालतं, हात जोड, माघार घ्यायला लाव. मी वाटेत पाठ करत होते काय बोलायचं ते. मग तू म्हणालीस, दोन्ही वेळा घरी जेवतात."

मी हातातली कैरी तशीच धरून ठेवली.

"लग्न झाल्यापासून मी ह्या मतदारसंघाची सवत होऊन राहिलेय पद्मे. हे आजारी असले तरी तिकडे. पोरगी झाली तेव्हा तिकडे. माझी आई गेली तेव्हा तारेनं सांत्वन. सवत तरी एक बाई असते, भांडता येतं. एवढ्या गावांशी मी कशी भांडणार? म्हटलं, एकदा हरू दे. एकदाच. म्हणून वेळ काढत बसले, मुदत टळेपर्यंत. लाट्या खाऊन पोट दुखलं माझं."

"आणि मत?"

"नारळाला." तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "तुझ्या नवऱ्याला. शिक्का असा दाबला की कागद फाटतो की काय वाटलं."

मी हसायला लागले. मला थांबताच येईना. ती रागावली. "हसतेस कसली? पहिले पंधरा दिवस काय हाल झाले इथे ठाऊक आहे? फोनकडे बघत बसायचे. वाजायचा नाही, तर रिसीव्हर उचलून बघायचे, चालू आहे का. मला वाटलं, मी ह्या माणसाला मारूनच टाकलं. जेवण उतरत नव्हतं मला."

"प्रयाग," मी डोळे पुसत म्हणाले, "अगं, मी तुझ्या नवऱ्याला दिलं."

"काय दिलं?"

"मत. अप्पासाहेबांना."

तिच्या हातातला अडकित्ता थांबला. "का?"

"आमचे निवडून आले असते तर? त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. सगळ्या मतदारसंघाचे हातपंप उशाशी घेऊन झोपले असते. वर्षभरात संपले असते ते. मला घरी पाहिजेत."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. मग दोघी अशा हसलो की कैऱ्यांची पाटी कलंडली. शाळेत त्या मारकुट्या बाईंच्या तासाला हसायचो तशा, तोंडात पदर कोंबून.

"तुझं वाया गेलं पद्मे," ती धापा टाकत म्हणाली. "माझं लागू पडलं."

"काय झालं गं?" आतून अप्पासाहेबांचा आवाज आला.

"काही नाही!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

थोड्या वेळानं ते दारात आले. धोतराचा सोगा खोचलेला, हातात पातेलं धरायची सांडशी. इतकी वर्षं साखर कारखान्याचे चेअरमन राहिलेला माणूस बायकोला विचारत होता, "तीन कप चहाला साखर किती?"

"तुम्हाला वाटेल तेवढी घाला," प्रयाग म्हणाली, आणि तिनं मान वळवली ती मला डोळे दिसू नयेत म्हणून.

चहा आला. त्यात साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता. अप्पासाहेब समोर खुर्ची ओढून बसले आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कसा झालाय?"

"एकमतानं मंजूर," मी म्हणाले, आणि आम्ही दोघींनी तो बशीसकट संपवला.